चादरीपलीकडे बसलेली मैत्रीण

मुलुंड पूर्व
रविवार

प्रिय श्रुतिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फाडलं नसशील, असं धरून लिहितेय. माझा नंबर तू तुझ्या आईच्या मोबाईलवरही ब्लॉक केलास ते कळलं. दुसऱ्या नंबरवरून फोन केला असता तर अनोळखी म्हणून तू तो उचललाच नसतास, आणि मेल करावासा वाटेना. हल्ली माझं लिहिलेलं आणखी कोण वाचतं, याची मलाच खात्री नसते. मागच्या रविवारी मी भांडुपला आले होते, काकूंनी सांगितलं का? त्यांनी आतलं दार उघडलं, जाळीचं नाही. जाळीतूनच म्हणाल्या, "ती घरात नाय. आणि तू परत येव नको." रत्नप्रभाकाकू माझ्याशी असं बोलतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी खाली उतरले तेव्हा तुमच्या मजल्यावरची सगळी दारं थोडी थोडी उघडी होती. त्या दारांनी गेले तीन महिने तुला कसं बघितलं असेल, ते मला तेवढ्या दोन मिनिटांत कळलं.

आठ महिने तू माझ्या घरी बसून काम केलंस, पण मी नेमकं काय करते ते मी तुला कधी धड सांगितलं नाही. सांगायची परवानगी नव्हती. लोक मोबाईलवरून पैसे पाठवतात ना, त्यातला एखादा व्यवहार मशीनला खटकला की ते तो अडवतं आणि माझ्यापुढे टाकतं. मी त्या माणसाला फोन करायचा, दोन-चार प्रश्न विचारायचे, आणि पैसे सोडायचे की रोखायचे ते ठरवायचं. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी आमच्या प्रमुख प्रांजल मॅडमनी सांगितलं होतं, चोर बाहेर शोधू नका, बहुतेक वेळा तो घरातला असतो. आणि खरंच तसे निघायचे गं. झोपलेल्या सासऱ्यांचा अंगठा फोनवर टेकवणारा जावई, मावशीचा पिन पाठ असलेली भाची. चार वर्षं, रोजचे आठ तास मी हेच बघतेय. ऑफिसात बसत असते तर संध्याकाळी सगळं तिथंच टाकून घरी आले असते. घरून काम म्हणजे ते माझ्या जेवणाच्या टेबलावरच राहिलं. लग्नापासून त्याच टेबलावर मी आणि शौनक जेवायचो.

हळूहळू मला तसंच दिसायला लागलं. भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर दुसरा स्टिकर चिकटवलाय का, ते मी नखाने खरवडून बघायचे. तो हसायचा आधी, मग हसेनासा झाला. बोरिवलीच्या मावशीने अडीअडचणीला फोनवर पाच हजार मागितले, तर मी तिला आधी आजीचं माहेरचं नाव विचारलं, कारण आता आवाजही नकली बनवता येतो. मावशीने नाव सांगितलं, पैसे घेतले नाहीत आणि त्यानंतर मला फोनही केला नाही. शौनक पवईच्या ऑफिसातून उशिरा आला की मी त्याचा फोन बघायचे. त्याला कळलं तेव्हा तो भांडला नाही, त्याने फक्त फोनचा लॉक बदलला. मग मला वाटलं, लॉक का बदलला?

आणि त्यात तू आलीस. तुला ती लॅबचे रिपोर्ट टाईप करायची नोकरी लागली होती, घरून करायची, पण घर म्हणजे एक खोली, काकूंचा टीव्ही, बाजूला पाडकामाची धडधड. मीच म्हटलं होतं, माझ्याकडे येऊन बस, इंटरनेट आहे, पंखा आहे. तू म्हणालीस, दुसऱ्याच्या घरून वर्क फ्रॉम होम करणारी मी मुंबईतली पहिलीच असेन. रोज साडेनऊला यायचीस, डब्यात घावणे नाहीतर सुकटाची चटणी, आणि अर्धा डबा माझ्याच ताटात. पण आमच्या कंपनीचा नियम होता, काम चालू असताना खोलीत दुसरं कुणी नको. लॅपटॉप मधून मधून आपणहून फोटो काढतो, त्यात दुसरा चेहरा दिसला की चौकशी. म्हणून आपण खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधून ती निळी चादर टाकली. अलीकडे मी, पलीकडे तू. तू शिंकसुद्धा दाबून धरायचीस. तुझ्या टाईप करण्याचा आवाज ऐकत मी काम करायचे आणि मला फार बरं वाटायचं. हे खरं आहे, यावर विश्वास ठेव.

पण दुसरंही खरं आहे. एखाद्या दिवशी तुझा आवाज मध्येच थांबायचा, आणि मी फोनवर कुणालातरी समजावत असायचे, तेव्हा मला वाटायचं, ही ऐकतेय का? चहा द्यायला तू मागून यायचीस तेव्हा माझा हात आपोआप स्क्रीन झाकायचा. एकदा तू सहज विचारलंस की अडवलेले पैसे परत कसे सोडतात गं, आणि मी ते मनात टिपून ठेवलं. दिवाळीनंतर मी वायफायचा पासवर्ड बदलला, आठवतं? राऊटर बिघडलाय म्हटलं होतं. बिघडला नव्हता. तू दोन दिवस स्वतःचा डेटा वापरलास आणि मग मला लाज वाटून मी नवा पासवर्ड दिला. आज एक गोष्ट सांगते, जी तुला माहीत नाही. सातवीत माझं नवं पेन हरवलं होतं, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला होता, श्रुतिका आली होती का आज? तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते वॉचमनची ड्यूटी करत होते, एवढंच तिला तुझ्याबद्दल माहीत होतं. मी तेव्हा आईशी आठ दिवस बोलले नव्हते. पण ऐकलेलं कुठे जात नाही बहुतेक.

गुढीपाडव्याच्या आधीचा तो गुरुवार तुझ्याही डोक्यातून गेला नसेल. मी दोन वाजून पाच मिनिटांनी अॅसिडिटीच्या गोळ्या आणायला खाली गेले, वीस मिनिटांत वर आले. तू चादरीपलीकडे काम करत होतीस. पाच वाजता प्रांजल मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. दोन दहा ते दोन एकोणीसमध्ये माझ्या लॅपटॉपवरून पाच जणांचे अडवलेले पैसे सोडले गेले होते. आणि प्रत्येक वेळी माझ्या मोबाईलवर जो संमतीचा प्रश्न येतो, त्यालाही 'होय' असं उत्तर गेलं होतं. त्या पाचांत साताऱ्याच्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांना आदल्याच दिवशी मी शब्द दिला होता की तुमचे पैसे कुठे जात नाहीत. मग मॅडमनी दोन बाराला लॅपटॉपने काढलेला फोटो दाखवला. माझी खुर्ची रिकामी, आणि चादरीच्या कडेला एक कोपर. त्यांनी विचारलं, घरात कोण आहे? मी म्हटलं, एक मैत्रीण.

कॉल संपल्यावर तू चादर बाजूला करून आलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू एवढंच विचारलंस, "गंधाली, तुला वाटतंय मी केलं?"

माझा हात आपोआप स्क्रीन झाकायला गेला. तू थांबलीस. मग डबा पिशवीत घातलास, चप्पल घातलीस आणि दार हळूच ओढून घेतलंस.

त्यापुढचं तुझ्यावर गुदरलं, मला फक्त कानावर आलं. कंपनीने माझा जबाब पोलिसांच्या सायबर विभागाकडे पाठवला. दोन जण तुमच्या चाळीत आले, तुझा फोन आणि लॅपटॉप घेऊन गेले. लॅपटॉप गेला म्हणून लॅबचं काम गेलं, आणि कशासाठी गेला ते कळल्यावर त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. काकूंचं हळदीकुंकवाला जाणं बंद झालं, हे मला तुमच्याच चाळीतल्या सुगंधाने सांगितलं. मला मात्र काही झालं नाही. नियम मोडला म्हणून एक ताकीद मिळाली आणि मग उलट बढतीच. गेल्या मंगळवारी मॅडमनी मला नव्या मुलींना शिकवायला बसवलं. विषय, घरून काम करताना घरातल्यांपासून सावध कसं राहायचं. माझाच अनुभव सांगायचा होता. मी सांगितला, माझी एक मैत्रीण होती म्हणून. शेवटी एका मुलीने विचारलं, मॅडम, त्यांनी कबूल केलं का? मी कॅमेरा बंद केला आणि नेट गेलं असं सांगितलं.

श्रुतिका, आता जे लिहितेय त्यासाठीच हे पत्र आहे. त्या आठवड्याच्या सोमवारी मला एक फोन आला होता, हुबेहूब प्रांजल मॅडमच्या आवाजात, की आयटीने पाठवलेलं अपडेट लगेच टाकून घे. मावशीला आजीचं नाव विचारणारी मी, त्या आवाजाला काही विचारलं नाही. अपडेट टाकलं आणि तिथूनच कुणीतरी माझ्या लॅपटॉपमध्ये शिरलं. गुरुवारी मी केमिस्टच्या काउंटरवर उभी असताना मोबाईल वाजत राहिला, तुम्हीच आहात का, तुम्हीच आहात का. दिवसातून चाळीस वेळा तो हेच विचारतो. मी न वाचता पाचही वेळा 'होय' दाबलं. मधेच त्याच मोबाईलवरून केमिस्टला पैसे दिले, दोन चौदाला, एकशे ब्याऐंशी रुपये. ती नोंद मला त्याच संध्याकाळी सात वाजता दिसली. तेव्हाच सगळं उलगडलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जबाबात लिहिलं की माझा मोबाईल घरी टेबलावर चार्जिंगला होता, आणि श्रुतिकाला त्याचा पिन माहीत होता. मला तुझा संशय आला होता म्हणून मी ते लिहिलं नाही. तू केलेलं नाहीस हे माहीत असताना लिहिलं. माझी नोकरी गेली असती, आणि तूच केलंस म्हटलं की सगळ्यांचा पटकन विश्वास बसेल हे मला ठाऊक होतं. शौनकलाही मी हे काल रात्री सांगितलं. तो उठून गॅलरीत गेला. परवा, शुक्रवारी, मी खरा जबाब सही करून विभागात दिला आणि कंपनीलाही पाठवला. त्याची प्रत आणि केमिस्टच्या नोंदीची प्रिंट सोबत आहे, लॅबला दाखवायला उपयोगी पडेल. माझ्यावर गुन्हा दाखल होईल असं तिथले धम्मपाल साहेब म्हणाले. होऊ दे. माफ कर असं मी लिहिणार नाही, तू ते वाचून काय करशील? गुरुवारी ते साहेब काकूंच्या मोबाईलवर तुला फोन करतील, तुझा लॅपटॉप आणि मोबाईल घेऊन जा म्हणून. ते पैसे मागणार नाहीत, ओटीपी मागणार नाहीत, कुठलं अॅप टाकायला सांगणार नाहीत. फक्त कधी येता, ते विचारतील. तो फोन खरा असेल. उचल.

तू अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
गंधाली