पापनिवेदनाची पेटी आणि गेटापर्यंतची रांग

प्रिय फादर,

त्या पेटीला खरं काय लागलं, ते आज तुम्हाला सांगून टाकतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो होतो, उरल्यासुरल्या सामानातून झाली, काही लागलं नाही. लाकूड उरलेलं होतं, एवढं खरं. पण तिचा सागवानी दरवाजा सुनंदाच्या स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी ठेवला होता. नाताळला कपाट देतो म्हणून मी बायकोला शब्द दिलेला. तिनं पुढचं वर्षभर उघड्या फळीवर डबे मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कारणही सांगितलं. शिवाय सदाशिव पेठेतले एक गायनाचे क्लासवाले खोली आवाजबंद करून घ्यायला माझी वाट बघून दुसऱ्याकडे गेले. जाताना फोनवर म्हणाले, "आपलं देवाचं काम होऊ द्या सावकाश. आमचे शेजारी तोवर सहन करतील."

हे आत्ताच का लिहितोय? तुम्ही देवाघरी गेल्यानंतरचा हा पहिला उपवासकाळ. आणि उद्या ती पेटी मला माझ्याच हातानं उतरवायची आहे. तुमच्या जागी आलेले फादर नेल्सन चांगले आहेत हो! तरुण आहेत, मराठीतून मिस्साची प्रार्थना म्हणतात, मुलांबरोबर क्रिकेट खेळतात. पण आता पापनिवेदनाच्या खोलीला काचेचा दरवाजा हवा, असं ठरलंय. काळ तसा आहे, तुम्हीही हो म्हणाला असता. ते मला म्हणाले, "पीटर अंकल, बाहेरून सगळं दिसायला पाहिजे आणि काहीही ऐकू यायला नको. हे तुम्हीच करू शकाल." मी फुगलो. फुगणारच ना!

तुम्हाला माझी सगळी कुंडली माहीत होती. शनिवार पेठेत एका सुताराच्या दुकानात मी भुसा झाडायचो, तिथून वाघोलीत स्वतःच्या कारखान्यापर्यंत आलो. आज डबिंगचे स्टुडिओ आणि कंपन्यांच्या बैठकीच्या खोल्या आवाजबंद करून देतो. भिंतीला कान लावला की पलीकडच्या घड्याळाची टिकटिक कुठल्या फटीतून येतेय, ते मला कळतं. धंदा या कानांवर उभा राहिला.

आणि तुमचे कान मात्र जात चालले होते.

तो शनिवार आठवतो का? जुन्या जाळीच्या पेटीत एक सून हळू आवाजात पापनिवेदन करत होती. तुम्ही कानातलं यंत्र चाचपलंत, ते शिट्टी मारायला लागलं, आणि तुम्ही खणखणीत आवाजात विचारलंत, "सासूला काय म्हणालीस?" बाकावरची माणसं छताकडे बघायला लागली. सासू दुसऱ्या बाकावर होती. त्यानंतर आपली माणसं पापनिवेदनाला गुपचूप दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. शनिवारी संध्याकाळी तुम्ही जांभळा पट्टा गळ्यात घालून एकटे बसायचात.

एकदा मी आत डोकावलो, तर तुम्ही म्हणालात, "बिशपांना सांगतो, मला आता वृद्धाश्रमात पाठवा. मिस्सा कुणीही म्हणेल. पण माणूस मनातलं सांगायला येतो आणि मला ऐकू येत नाही, तर मी इथे कशाला?" तुमचा आवाज मी हजारदा ऐकला होता. तसा कधीच ऐकला नव्हता.

त्यावर मला एकच औषध माहीत होतं. माणसांना ओरडू द्यायचं आणि ओरडणं आत ठेवायचं! बाजूच्या दाराशी मी ती पेटी उभी केली. दुहेरी भिंती, आत आवाज गिळणारी काचलोकर, दाराला रबरी पट्ट्या. सुनंदाला आत बसवलं आणि म्हटलं, ओरड. तिला काही सुचेना, म्हणून तिनं भाजीची नावं घेतली. मी बाहेरून लाकडाला कान लावून उभा होतो. एक अक्षर आलं नाही. त्या दिवसापासून मी गावभर सांगत सुटलो की माझ्या पेटीतून सुस्कारासुद्धा बाहेर पडत नाही.

आणि माणसं परतली, फादर! नगरकडून आलेली आपली जुनी घरं आली. मग आयटीतली पोरं आली, केरळची, तामिळनाडूची कुटुंबं आली. रांग बाजूच्या दाराशी नाही, थेट अंगणातल्या लूर्दमातेच्या पुतळ्याच्या गुहेशी सुरू व्हायची. इतक्या लांब का उभे राहतात, असं मला वाटायचं. मग वाटलं, सावलीला जात असतील. माझा नंबर आला की रांग तर आणखी मागे, गेटाशी सरकायची. पेटी बांधणाऱ्याचा मान ठेवतात, असं मी सुनंदाला सांगायचो. ती डबे पुसत राहायची.

तुम्ही वृद्धाश्रमात गेला नाहीत. शेवटच्या शनिवारपर्यंत त्या पेटीत बसलात. याचा मला किती अभिमान होता, काय सांगू.

काल मापं घ्यायला पेटीच्या तुमच्या बसायच्या बाजूला पहिल्यांदाच शिडी लावली. पेटीच्या छताला दोन भोकं! ताटलीएवढी, करवतीच्या पात्यानं वेडीवाकडी कापलेली, वर डासांची जाळी ठोकलेली. खालून दिसू नयेत म्हणून जुन्या झेंड्याचं कापड.

वेदीची कापडं धुणाऱ्या मार्थाबाई तिथेच फुलं लावत होत्या. मी विचारलं, हे कुणी केलं?

"फादरांनी. पहिल्याच मे महिन्यात. आत जीव गुदमरायचा त्यांचा."

"मग बाहेर ऐकू येत असेल की!"

"यायचं ना. म्हणून तर आम्ही गुहेशी उभे राहायचो. तुमचा नंबर असला की गेटाशी. तुमचा आवाज दणदणीत आहे, पीटरभाऊ."

"मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"फादर म्हणाले, त्याला सांगू नका. त्यानं फार मनापासून केलंय."

असं का केलंत हो? मला सांगितलं असतंत, तर बिनआवाजाचा पंखा बसवून दिला असता! दर उपवासकाळात तुम्ही प्रवचनात म्हणायचात, दुसऱ्याचं पापनिवेदन चुकून कानावर पडलं, तर तुमच्या तोंडालाही माझ्याइतकंच कुलूप. मी मान डोलवायचो. हे आपल्या चर्चच्या अंगणाबद्दल चाललंय, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ऐका, मला खरा अभिमान आता वाटतोय. नगर रोडवर कुणाचं कुणाशी वाजलं, ते दोन दिवसांत माझ्या कानावर येतं. इतक्या वर्षांत त्या पेटीतलं एक अक्षर आलं नाही. नवं कुटुंब दाराजवळ उभं राहिलं, की कुणीतरी हळूच म्हणायचं, "इकडे या, इकडे." चर्चच्या मंडळाच्या अध्यक्षांबद्दल मी आत काय काय बोललोय, ते तुम्हाला माहीत आहे. ते गृहस्थ बहुतेक वेळा रांगेत माझ्यामागेच असायचे. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला भात तेच वाढत होते! अशी धर्मग्रामाची माणसं तुम्ही उभी केलीत. काचलोकर लावून असं काही होत नाही, फादर.

तुम्हाला शब्द देतो. काचेची खोली बांधीन, हवा खेळती ठेवीन, आवाज अडवीन. सुनंदाचा दरवाजा तिच्या कपाटाला लावीन. आणि खोली कितीही पक्की झाली, तरी रांग गुहेशीच सुरू होईल. पहिल्या शनिवारी तिथे मी जाऊन उभा राहीन.

तुमचा,
पीटर साळवे

ता.क. हे दुसऱ्या दिवशी लिहितोय. आज सकाळी पेटी उतरवण्याआधी सुनंदाला पुन्हा आत बसवलं आणि मी जाऊन गेटाशी उभा राहिलो. मागे नगर रोडची वाहनं चालू होती. "कोथिंबीर" स्पष्ट ऐकू आलं.