चौथ्या लेनमधला कडुनिंब

आदरणीय लहानू भाऊजींना,

रत्नदीपचा मनापासून जयभीम. तुमचा गुडघा आता काय म्हणतो आणि पौर्णिमाताई तुम्हाला काय म्हणते, दोन्ही कळवावे. इकडे तुमची लेक जागृती माझ्याकडे खुशाल आहे, दोन वेळ पोटभर जेवते, आणि तुम्ही विचारलं त्याप्रमाणे तिचा शंभर मीटरचा सराव सुरू आहे. कसा सुरू आहे, ते सांगायलाच हे पत्र. (फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि निम्मं अल्लीपूर ऐकतं.)

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्याआधी आमच्या क्रीडा संकुलात 'शाश्वत व्यवस्थापन आणि कर्मचारी वर्तन' या विषयाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा होता. पहिलाच प्रश्न, कार्यालयातून निघताना तुम्ही पंखा बंद करता का? आमचा पंखा दोन वर्षांपासून बंदच आहे, त्यामुळे आम्हा सहाही जणांना पैकीच्या पैकी मिळाले. मग आदेश आला, की प्रत्येक कर्मचाऱ्याने आवारात एक झाड लावावं, त्यावर आपल्या नावाची पाटी लावावी, आणि झाड मेलं तर त्याची नोंद गोपनीय अहवालात होईल. (माझा गोपनीय अहवाल नसतो, मी अकरा वर्षांपासून रोजंदार. पण कायम करायच्या यादीत 'झाड जिवंत आहे काय' असा एक रकाना आला आहे.)

आता संकुलाच्या मागे दीड एकर खाचखळग्यांची जागा मोकळी पडली आहे, पण तिथे नळाचा पाइप पोहोचत नाही. पाइप पोहोचतो धावपट्टीपर्यंत. आमचे अधिकारी महादेवराव साहेब विचारी माणूस. ते म्हणाले, "पाइप जेथवर, झाड तेथवर." कोणाचं झाड नळाजवळ यावरून भांडण नको, म्हणून त्यांनी सहा कर्मचाऱ्यांना सहा लेन वाटून दिल्या. बरोबर साठ मीटरवर एका रांगेत सहा झाडं लागली. चौथी लेन माझी. कडुनिंब आहे, आता कमरेला लागतो.

भाऊजी, वर्तन बदलतं हे मात्र खरं. साडेअकराला उगवणारे किसनराव बाबू आता सकाळी सातला पाइप धरून उभे असतात. उन्हाळ्यात त्यांनी आपल्या झाडावर छत्री बांधली आणि स्वतः डोक्यावर फाइल धरून फिरले. खेळाडूंच्या पायाने रोपांना इजा होते असं निघालं, तेव्हा फाटकावर पाटी लागली, 'झाडे वाढत आहेत, धावू नये.' त्या वर्षी मैदानाची झीज शून्य, खेळाडूंच्या दुखापती शून्य. वरून शाबासकीचं पत्र आलं, आणि साहेब आता इतर तालुक्यांत मैदान कसं टिकवावं यावर भाषण द्यायला जातात.

जागृतीला मी सहाच्या आत फाटक उघडून देतो. ती चौथ्या लेनमधूनच पळते, कारण दुसऱ्याच्या झाडाचं पान हललं तरी बोभाटा होतो. साठ मीटरवर उजवीकडे वळायचं, कडुनिंबाला वळसा घालायचा, पुन्हा सरळ. (सडकेवर पळव म्हणाल, तर सडकेवरच्या ट्रकांना लेन कळत नाही.) आणि आता खरं सांगतो. वर्ध्याच्या निवड चाचणीत तिचा पाय मुरगळला असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. ती सगळ्यांच्या पुढे होती. स्वच्छ, मोकळा ट्रॅक होता. साठ मीटरवर ती उजवीकडे वळली, शेजारच्या लेनमध्ये गेली आणि बाद झाली. रडली नाही. बसमध्ये एकदाच बोलली, "मामा, तिथं झाड नोतं, तरी माहा पाय काऊन वळला?" हिंगणघाट गेलं तरी मी खिडकीबाहेर बघत होतो.

शेवटची चाचणी येत्या अठरा तारखेला आहे. बाकी सर्व क्षेम. ताईला जयभीम सांगावा.

आपला,
रत्नदीप

ता. क. रविवारी सकाळी संकुलात कोणी नसतं. तुमच्या शेजारच्या पियुषच्या टेम्पोत तुमच्या चार शेळ्या घालून इकडे आणाव्यात. फाटक उघडं राहील. शेळ्यांचं वर्तनाचं प्रशिक्षण झालेलं नाही, त्यामुळे त्यांच्यावर कारवाई करता येत नाही.

ता. क. २. बाकीच्या पाच झाडांना तोंड लावू देऊ नये. किसनराव मार्चमध्ये रिटायर होतात. फक्त चौथी लेन.

ता. क. ३. उपटायला मी दोनदा गेलो, हात धजला नाही. रोज पाणी घातलं आहे, पाला कोवळा आहे, शेळ्या खुशीने खातील. जागृतीला मात्र सांगावं, की झाड आपोआप वाळलं.