घरची वाट माहीत असलेला कोंबडा

२ नोव्हेंबर

पोचले. बसने अंग मोडून काढलं, कोंबडा मात्र ताजातवाना. ड्रायव्हर आमच्याच खोऱ्यातला निघाला म्हणून टोपली पायाशी ठेवू दिली.

बेत सोपा आहे. उद्या लेकाशी, ज्येनकांगशी, बोलायचं. परवा ह्यांच्या अस्थींचा डबा अस्थिगृहातून सोडवायचा. तेरवा परतीची बस. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आता घरी न्यायलाच हवं. बांधावरच्या अक्रोडाखाली जागा साफ करून आलेय. कोंबडा आपल्या अंगणातलाच आणला. गेलेल्या माणसाला घरची वाट कोंबडा दाखवतो. शहरात विकत घेतलेल्या कोंबड्याला आमच्या घरची वाट कुठून ठाऊक असणार?

दारातच सुनेने, याछिनने, टोपली हातातून घेतली. म्हणाली, अय्या आई, एवढ्या लांबून कशाला त्रास घेतलात! असा घरचा कोंबडा इकडे बघायलाही मिळत नाही हो. गावाहून येणारी प्रत्येक सासू सुनेसाठी कोंबडा आणते, त्यातलाच हा, असं तिला वाटलं. आता उंबऱ्यावर उभं राहून मेलेल्या माणसाचा विषय काढतात का? उद्या सांगेन.

३ नोव्हेंबर

ज्येनकांग दुपारच्या शिफ्टला जातो. पोलादाच्या भट्टीवरच आहे, बापासारखा. नाव ह्यांनी ठेवलं. नावातच पोलाद घातलं, मग पोर दुसरीकडे जाणार कसं?

सकाळी न्याहारीला स्पष्ट बोलले. म्हटलं, तुझ्या बाबांकडे जाऊ या. तो म्हणाला, आई, अस्थिगृहाची डागडुजी चाललीये, बंद आहे. म्हटलं, उघडेल तेव्हा जाऊ. तो म्हणाला, बघू.

बघू म्हणजे होच. हेही आयुष्यात सरळ हो म्हणाले नाहीत. काम निम्मं झालं म्हणायला हरकत नाही.

याछिनला कोंबड्याचं सांगणार होते. ती भांडी घासत होती, नळाचा आवाज फार. उद्या.

४ नोव्हेंबर

कोंबडा अवेळी आरवला. कारखान्याच्या भट्टीतली वितळलेली धातूची मळी रात्री माळावर ओततात, तेव्हा अर्धं आकाश तांबडं होतं. बिचाऱ्याला वाटलं, उजाडलं. जितक्यांदा ओतली तितक्यांदा आरवला.

सकाळी खालच्या मजल्यावरचा म्हातारा वर आला. म्हणाला, जन्मभर कारखान्याच्या भोंग्यावर उठलो, आता पेन्शनीत कोंबड्यावर उठायचं का? मी म्हटलं, दादा, थोड्या दिवसांचा तर पाहुणा आहे. याछिनही म्हणाली, हो हो, थोड्याच दिवसांचा आहे.

तिला अजून काही सांगितलेलं नाही, तरी दोघींचं एकमत. सुनेशी माझं पटतं.

५ नोव्हेंबर

आज वारा सुटला, धूर पांगला आणि बाल्कनीतून डोंगर दिसले. इतके जवळ की दचकले. माथ्यावर बर्फ. त्यांच्यापुढे कारखान्याच्या चिमण्या म्हणजे खोचलेल्या उदबत्त्या.

हे पंचवीसेक वर्षं इथे राहिले. वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या वसंतोत्सवाला, घरी यायचे. येताना कारखान्याच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणायचे. तो मी खळ लावून भिंतींना चिकटवायची, माती झडू नये म्हणून. शाळेत मला कुणी घातलं नाही. मी वाचायला शिकले त्या भिंतींवर. चुलीजवळ उत्पादनाचे आकडे, झोपायच्या ओट्यावर आदर्श कामगारांची यादी. ह्यांचं नाव एकदा आलं होतं, ते खिडकीशेजारी लावलं, उजेड पडतो म्हणून. सगळ्या भिंतींवर पोलाद. डोंगराबद्दल एक ओळ नाही.

यावरून काय ते समजावं. इथे माणूस सुखात असता तर डोंगराकडे कुणाची तरी नजर गेली असती. ह्यांचं मन गावातच होतं. मला ते बोलून दाखवायची गरज कधी पडली नाही.

संध्याकाळी बरोबर आणलेल्या आंबवणीतल्या नूडल्स केल्या. आंबवलेल्या भाजीचं ते पाणी ह्यांना जीव की प्राण. ज्येनकांगने दोन वाडगे संपवले, तिसऱ्याला डोळे पुसले. म्हणाला, मिरची जास्त झालीये. मी मिरची घातलीच नव्हती.

उद्या ठामपणे बोलायचं.

६ नोव्हेंबर

ज्येनकांग झोपला होता. झोपलेल्या माणसाशी ठामपणे बोलता येत नाही.

दुपारी फू भावोजी आले, संत्री घेऊन. हे आणि भावोजी एकाच भट्टीवर, एकाच खोलीत राहिलेले. मूळचे आमच्याच बाजूचे. बाल्कनीत गेले, कोंबड्यापुढे उकिडवे बसले, आणि याछिन आत जाताच हळूच म्हणाले, वहिनी, हा रश्श्याचा कोंबडा नाही. म्हटलं, नाहीच. ह्यांच्या भट्टीवरच्या नावाने म्हणाले, लाओल्यांगला न्यायला आलात? म्हटलं, तर काय शहर बघायला आले? भावोजींनी संत्रं सोललं आणि हातातच ठेवलं. म्हणाले, आधी पोराशी बोला. म्हटलं, बोलणं झालंय. ते म्हणाले, मग काय म्हणाला? म्हटलं, बघू म्हणाला.

भावोजी बूट घालायला लागले. वय झालंय त्यांचं. संत्रं तसंच राहिलं. मी खाल्लं.

७ नोव्हेंबर

विशेष काही नाही. अस्थिगृहाची डागडुजी चालूच असावी. सरकारी कामं अशीच.

याछिन कोंबड्याला मका घालते, उकडलेला भात घालते. माया लावलीये पोरीने. म्हटलं, अगं एवढं नको घालू, जड होईल उचलायला. ती हसली, म्हणाली, जड झालेलाच बरा की हो आई.

आज सांगणारच होते. पण एवढ्या मायेने खाऊ घालणाऱ्या बाईला, हा तुझ्यासाठी नाही, असं कसं सांगायचं? निघताना सांगेन. निघताना माणसं समजून घेतात.

८ नोव्हेंबर

जिंकले!

उद्या थंडीच्या कपड्यांचा सण. गेलेल्यांना हिवाळ्याचे कपडे पाठवायचे, कागदाचे, जाळून. ज्येनकांग आपण होऊन म्हणाला, आई, उद्या सुट्टी घेतलीये. बाबांकडे जाऊ. ठामपणे बोललं की असं होतं. तशी मी फारशी बोलले नाही, पण चेहऱ्यावरून कळलं असणार.

डबा गुंडाळायचं लाल कापड काढून इस्त्री केलं. वाटेतल्या पुलांची उजळणी केली. प्रत्येक पुलाला, प्रत्येक वळणाला हाक मारावी लागते. पूल आला हो, जपून या. नाही मारली तर माणूस अलीकडेच राहतो.

कोंबडा न्यायचं म्हटलं तर ज्येनकांग म्हणाला, टॅक्सीत कोंबडा कशाला? तेही खरंच. आधी डबा ताब्यात घेऊ.

९ नोव्हेंबर

टॅक्सी अस्थिगृहाकडे वळलीच नाही. डोंगराच्या पायथ्याशी गेली. सिमेंटच्या पायऱ्या, पायरीपायरीला दगड. ज्येनकांग पुढे चालत होता आणि मागे बघत नव्हता.

दगडावर ह्यांचं नाव. पांढऱ्या रंगात. शेजारी माझं.

छाई लामेई. तांबड्या रंगात. जोडप्याच्या दगडावर जिवंत माणसाचं नाव तांबडं ठेवतात, मेल्यावर पांढरा रंग भरतात. मला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. एवढ्या मोठ्या अक्षरांत तर ते मी पहिल्यांदाच वाचलं.

ज्येनकांग गुडघ्यांवर बसला. म्हणाला, अस्थिगृहाची तीन वर्षांची मुदत संपली होती आई, वसंतात इथे ठेवलं. म्हटलं, मला विचारलं का नाहीस? तो म्हणाला, विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? म्हटलं, नसते म्हणाले. तो म्हणाला, तेच. गावातलं घर कोण उघडणार तुझ्यामागे? मी इथून दर वर्षी येईन का गवत काढायला? इथे मला सुट्टीच्या दिवशी येता येतं.

जागेला नावं ठेवावीत म्हणून सगळीकडे बघितलं. पाठीशी डोंगर, समोर मोकळं, खाली कारखाना. कुणीही जाणकार म्हणेल, उत्तम. तिथेच माझी पंचाईत झाली.

कागदाचा कापूस भरलेला कोट जाळला. वाऱ्याने राख कारखान्याकडे नेली.

म्हटलं, उकरता येईल. ज्येनकांग म्हणाला, सिमेंट आहे, आई. शिवाय जमीन गोठलीये. म्हटलं, मग वसंतात. तो म्हणाला, बघू.

म्हणजे नाही म्हणालेला नाही.

१० नोव्हेंबर, सकाळ

पडल्या पडल्या सुचलं. मुळात डबा हवा कशाला? डब्यात राख असते. न्यायचं असतं ते माणूस. कोंबडा त्या दगडाशी न्यायचा, ह्यांना हाक मारायची आणि निघायचं. पुढची वाट कोंबडा बघेल. राख राहू दे ज्येनकांगकडे, त्याचंही समाधान.

एवढी सोपी गोष्ट इतके दिवस सुचली नाही. आता फू भावोजींकडे जाते, त्यांच्याकडे तीनचाकी आहे. उद्या संध्याकाळची बस आहे, त्याआधी सगळं उरकतं.

१० नोव्हेंबर, झोपण्यापूर्वी

भावोजींनी चहा केला. बेत सांगितला. ते म्हणाले, वहिनी, एक बोलू? रागावू नका. लाओल्यांग दवाखान्यात मला म्हणाला होता, मला गावी नेऊ नका. म्हटलं, ताप असेल. ते म्हणाले, ताप नव्हता. म्हणाला, गावात माझ्या ओळखीचं आता एकच माणूस आहे. भट्टीवरची सगळी इथे आहेत. त्या एका माणसाला सावकाश इकडे येऊ दे.

मी म्हटलं, चहा गार झाला.

ते म्हणाले, पोराने तुमच्यापासून लपवलं ते चुकलंच. पण आपल्या मनाने नाही केलं त्याने.

भट्टीच्या धगीने भावोजींची आठवण भाजून निघालीये. हे वर्षातून एकदा घरी यायचे, सगळ्या गावाला सिगारेट वाटायचे. एकच माणूस ओळखीचं असतं तर एवढ्या सिगारेटी कुणाला वाटल्या? म्हटलं, उद्या तीनचाकी आणताय की नाही? म्हणाले, तुम्ही म्हणताय तर आणतो. हाक मारून बघा. यायचं असेल तर येईल.

घरी आले तर टेबल मांडलेलं. ज्येनकांग शिफ्ट बदलून आलेला. याछिनचे गाल चुलीने लाल. मधोमध परातीएवढी थाळी, बटाटे, सुक्या मिरच्या, रुंद नूडल्स. म्हणाली, आई, उद्या निघताय, म्हटलं तुम्हाला करूनच घालावं. एकटीने साफ केला हो, कधी केला नव्हता. मान त्याने इतकी ताठ धरली होती, मलाच रडू आलं.

बाल्कनीकडे बघितलं. टोपली पालथी घालून वाळत ठेवली होती.

ज्येनकांगने मांडीचा तुकडा माझ्या वाडग्यात घातला. म्हणाला, खा आई, आपल्या अंगणातला आहे.

सांगायचं होतं. याछिन माझ्या तोंडाकडे बघत होती, मीठ बरोबर आहे का म्हणून.

म्हटलं, छान झालंय.

खरंच छान झालं होतं.

११ नोव्हेंबर

भावोजी तीनचाकी घेऊन खाली उभे होते. मी टोपली घेऊन उतरले. त्यांनी आत बघितलं. याछिनने ती संत्र्यांनी भरून दिली होती. भावोजींनी संत्री घसरू नयेत म्हणून टोपली दोरीने बांधली. म्हणाले, डोंगराकडे घेऊ? म्हटलं, नको. बसस्टँडवर घ्या.

वरून याछिन ओरडली, आई, पुढच्या खेपेला एवढं ओझं आणू नका हो!

वसंतात परत येईन. तेव्हा दोन कोंबडे आणेन आणि दारातच सांगेन.

बसमधून डोंगर बराच वेळ दिसत राहिले. पहिला पूल आला तेव्हा तोंडातून गेलंच, पूल आला हो, जपून या. शेजारची मुलगी म्हणाली, मला म्हणालात का आजी? म्हटलं, नाही. पुढच्या पुलांना मनात म्हटलं. मनातलं ऐकू जातं की नाही, त्याबद्दल कुठे वाचलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

घरी आले. झोपायचा ओटा गार. भिंतीवरचा खिडकीशेजारचा कागद सुटून लोंबत होता, त्याला खळ लावायला हवी.

दार लगेच लावलं नाही. मागून कुणी येत असेल तर यावं म्हणून थोडा वेळ उघडं ठेवलं. अंगणात शेजारणीच्या कोंबड्या फिरत होत्या.

मग थंडी आत यायला लागली. लावून घेतलं.