सांडव्याचे दार मानवी हाताने उघडल्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
पूरप्रवण घरे खरेदी कक्ष,
सान एलिगियो काउंटी कार्यालय,
न्यू मेक्सिको.

अर्जदार: सेनोन माएस्तास, वय ७६, निवृत्त ग्रंथालय सेवक, रा. लोस ओल्मोस, पाटाकाठचे पहिले घर.

विषय: घरात पुराचे पाणी शिरूनही घर 'पूरग्रस्त नाही' ठरल्याबद्दल फेरविचार होणेबाबत.

संदर्भ: आपले दिनांक ४ जूनचे नकारपत्र (दोन ओळी).

महोदय,

आपले पत्र मी चारदा वाचले. बत्तीस वर्षे फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीवर काढल्यामुळे, एखादे वाक्य समजले नाही तर दोष माझाच असणार असे मला प्रथम वाटते. म्हणून ते माझी थोरली बहीण युफेमिया हिलाही वाचून दाखवले. तिला ते पहिल्याच वेळी समजले. त्यावर ती जे म्हणाली ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

आपण लिहिता: 'अर्जदाराच्या घरातील पाणी मानवी हाताने सोडलेले असल्याने तो पूर नैसर्गिक धरता येत नाही. सबब घर खरेदीस अपात्र.'

सदर हात माझा आहे. त्याबद्दल पुढील खुलासा सादर करतो.

१. गेल्या वर्षी मे महिन्यात गावावरचा डोंगर जळाला. जळलेली जमीन पाणी पीत नाही, हे आपल्याच माहितीपत्रकात चित्रासह दिले आहे. चित्र चांगले आहे. नऊ ऑगस्टच्या दुपारी डोंगरावर अर्धा तास पाऊस पडला आणि राखेचे काळे पाणी ओंडक्यांसकट आमच्या पाटात उतरले. पाटाच्या खालच्या अंगाला दहा घरे आहेत. त्यांच्या वर सांडवा आहे, आणि सांडव्याला लोखंडी चाकाचे दार आहे. चाक फिरवले की जादा पाणी बाजूला निघते.

२. हे चाक फिरवणे पाटाच्या मायोर्दोमोचे, म्हणजे पाटकऱ्याचे काम. गेल्या वर्षीपासून तो मी आहे. माझी निवड कशी झाली तेही नमूद करतो, कारण आपल्या पत्रात माझा उल्लेख 'स्वतःहून हस्तक्षेप करणारी व्यक्ती' असा आहे. वसंतातल्या सभेत मी एक प्रश्न विचारण्यासाठी हात वर केला होता. शेजारी क्लेओफास ओरडला, "बघा, डॉन सेनोन तयार आहेत!" टाळ्या पडल्या. मला हात खाली घ्यायला सुचले नाही. प्रश्न अद्याप विचारायचा राहिला आहे. मी आजवर स्वतःहून केलेले हस्तक्षेप मोजायला बसलो तर एक बोटही पुरेल.

३. आमच्या पाटाचा जुना रिवाज असा की जादा पाणी सोडायचे तर ते आधी पाटकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर सोडायचे, म्हणजे कोणी दुसऱ्याच्या अंगणाशी खेळ करणार नाही. सांडव्याची चारी म्हणून दर निवडीनंतर वळवून घेतात. गेल्या वर्षी ती माझ्या जरदाळूच्या झाडांकडे वळवली होती. झाडांच्या पुढे माझे घर आहे. मी दार उघडले. पाणी रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आले. आपल्या कक्षाच्या संमतीवाचून आले, हे मान्य.

४. युफेमियाला चालता येत नाही. ती तेव्हा स्वयंपाकघरात खुर्चीवर होती. मी परतलो तेव्हा पाणी तिच्या घोट्यांवर होते आणि मिरच्यांची टोपली तिच्याभोवती फिरत होती. तिने विचारले, "उघडलंस का दार?" मी हो म्हणालो. "नीट उघडलंस, की आपलं भीत भीत अर्धंच?" मी म्हणालो, पूर्ण. "मग बघत काय उभा राहिलास? माझी चप्पल गेली दाराबाहेर, ती आण."

५. खालची दहाही घरे कोरडी राहिली. त्या दहा कुटुंबांनीही आपल्याकडे घरविक्रीचे अर्ज केले होते, कारण डोंगर अजून तसाच उघडा आहे. त्यांना आपण कळवलेत की त्यांच्या घरात पाणी शिरल्याची नोंद नाही, सबब अपात्र. म्हणजे माझ्या घरात पाणी आले पण पूर आला नाही, आणि त्यांच्याकडे पूर आला नाही कारण पाणी आले नाही. मी अल्पबुद्धीचा माणूस आहे. तरी, त्या दुपारी लोस ओल्मोसमध्ये नेमके काय आले होते, हे आपण कळवल्यास गावाच्या वहीत तशी नोंद करीन. ती ओळ मी कोरी ठेवली आहे.

६. वरच्या वळणावरची तीन घरे मात्र आपण घेतलीत, पाडलीत आणि तिथे गवत लावलेत. त्यांपैकी एक शहरातल्या दंतवैद्यांचे सुट्टीचे घर होते. त्या दिवशी तिथे कोणीही नव्हते, त्यामुळे मानवी हाताचा प्रश्नच आला नाही. गवत छान आले आहे.

७. फेब्रुवारीत आपले निरीक्षक येऊन गेले. माझे घर कच्च्या विटांचे आहे. अशी भिंत खालून ओली झाली की आतून पीठ होते आणि वरून धड दिसते. निरीक्षकांनी भिंत वरून पाहिली. युफेमियाने त्यांना पोसोले खायला थांबण्याचा आग्रह केला. "बसा ना साहेब, त्या भिंतीला टेकून बसा." ते बसले नाहीत. सदर भिंत तिच्या पलंगामागची आहे. जानेवारीपासून ती बोटभर पुढे आली आहे. मी तिला दोन वासे लावले आहेत, आणि ते बरोबर लावले की नाही याची मला खात्री नाही.

८. गेल्या सोमवारी मी आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवरच्या श्रीमती प्रुइट यांनी मला दयाळूपणे एक छापील शपथपत्र दिले. "इथे फक्त लिहा, दार पाण्याच्या जोराने आपोआप उघडलं. मग तो पूर होतो." मी म्हणालो, पण ते मी उघडले. "आजोबा, दाराला कोण विचारायला जाणार आहे?"

गावात सर्वांचे हेच मत आहे. क्लेओफास म्हणाला, "सही ठोका, डॉन सेनोन. आम्ही दहाजण सांगू की तुम्ही त्या वेळी पुस्तक वाचत होता. त्यावर सगळ्यांचा विश्वास बसेल." मी शपथपत्र घरी आणले, पेनाचे टोपणही काढले. परंतु दार आपोआप उघडते असे एकदा कागदावर लागले की पुढच्या पाटकऱ्याला धावत जाण्याचे कारण राहणार नाही. शिवाय त्या खोट्या वाक्याने मी पूरग्रस्त होतो, आणि खऱ्याने होत नाही; तेव्हा त्या कागदालाच किंमत नाही, की मलाच ती कळत नाही, हेही समजत नाही. मी सही केली नाही. युफेमिया दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बरं केलंस. पण आता मला भिंतीपासून लांब सरकव."

सबब विनंती:

(अ) माझ्या घराची खरेदी सत्य हकिगतीवर मंजूर व्हावी, आणि ती पाऊस सुरू होण्यापूर्वी व्हावी, म्हणजे बहिणीला तिथून हलवता येईल.

(ब) ते शक्य नसल्यास, या जुलैत पाणी आल्यावर मी दार उघडावे की बंद ठेवावे, याचा लेखी आदेश द्यावा. बंद ठेवल्यास दहा घरे संपूर्णपणे नैसर्गिक रीतीने वाहून जातील आणि आपल्या नियमास पात्र ठरतील. त्यातील माणसांबद्दल नियमात काही आढळले नाही. माझ्या वाचनातून सुटले असल्यास क्षमस्व.

आदेश तीस जूनपर्यंत न मिळाल्यास, पाणी येताच मी दार उघडीन. ते मानवी हातानेच उघडले जाईल. आमच्या वस्तीत दुसऱ्या प्रकारचा हात नाही. मात्र त्या वेळी आपल्या कक्षातील कोणी एकाने माझ्या घरी हजर राहावे. चाक फिरवायला दोन हात लागतात, युफेमियाला उचलायलाही दोन लागतात, आणि माझ्याकडे एकूण दोनच आहेत.

आपल्या नियमांपुढे नम्र,

सेनोन माएस्तास
मायोर्दोमो, लोस ओल्मोस पाट
दिनांक: १२ जून

सोबत:
१. पलंगामागच्या भिंतीची छायाचित्रे, खालून काढलेली.
२. दहा शेजाऱ्यांचे एकत्रित निवेदन, की आम्ही कोरडे आहोत व त्याचे कारण आम्हाला माहीत आहे.
३. छापील शपथपत्र, सहीविना परत.