रंगपेटीवरचं नाव

मुलुंड

मामंजी,

नमस्कार. वाकूनच केलाय, पण यावेळी तुमच्या फोटोकडे सरळ बघून केलाय. डोक्यावर पदर आहे, काळजी नको.

येत्या श्रावणात तुम्हाला जाऊन वर्ष होईल. एवढ्या दिवसांत लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण सुनेनं सासऱ्याला काय लिहायचं? तुम्ही होतात तेव्हासुद्धा काही सांगायचं असलं तर मी ते सासूबाईंना सांगत असे. आज मात्र राहवत नाही. आज माझ्याकडून एक चूक झाली आणि ती तुमच्याच बाबतीत झाली.

सकाळी शाळेत माझ्या ड्रॉइंगच्या तासाला इन्स्पेक्टरसाहेब आले. हो, माझ्या तासाला! जूनपासून मी मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते. टेबलावर तुम्ही केलेली रंगपेटी उघडी होती. साहेबांनी ती उचलली, मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मिटताना ती 'टक्' वाजते ना, तेवढ्यासाठीच बहुधा. मग चक्क उलटी करून तळाशी कंपनीचं नाव शोधायला लागले!

"विलायती दिसते. कुठून मिळवलीत बाई?"

"विलायती नाही, साहेब. मुलुंडची आहे. माझ्या सासऱ्यांनी घरी केली."

काय सांगू मामंजी, हे म्हणताना माझी मान किती ताठ झाली होती! वर्गातल्या पोरींनीसुद्धा पाहिलं असेल.

साहेबांनी खिशातून वही काढली. "नाव सांगा त्यांचं. रिपोर्टात लिहितो."

"ते आता नाहीत, साहेब."

"मग तर लिहायलाच हवं."

आणि मी गप्प. सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? साहेब पेन उघडून उभे, चाळीस मुली माझ्याकडे बघतायत. शेवटी तेच म्हणाले, "उद्या मी अजून इथंच आहे. उद्या सांगा." वहीतली ती ओळ कोरी ठेवून पुढच्या वर्गात गेले.

घरी येईपर्यंत मला रडू येत होतं. कारण अशी गप्प मी पूर्वी एकदा राहिले होते, आणि तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होतात ते मी विसरलेले नाही.

आठवतं ना तुम्हाला? की तिकडे गेल्यावर सगळं विसरलात?

या घरात आले तेव्हा तुम्ही तांब्याच्या बाजारातलं भांडी घडवायचं काम सोडून मागच्या पडवीत ऐरण मांडून बसला होतात. गल्लीतल्या बायका चेपलेले हंडे, गळके तांबे घेऊन यायच्या आणि तुम्ही आधी रागवून मग ते नीट करून द्यायचात. माझ्याशी तुम्ही भिंतीच्या मध्यस्थीनं बोलायचात. "चहा झाला असेल तर द्यावा म्हणतो," असं भिंतीकडे बघून. मग भिंतीनं काही केलं नाही की मी उठायची!

लग्नाआधीपासून मला चित्रांचं वेड. ह्यांनी आडकाठी केली नाही म्हणून ड्रॉइंग टीचरच्या परीक्षेला बसायचं ठरवलं. पास झाले तर शाळेत नोकरी, नाही तर आयुष्यभर रांगोळ्या. परीक्षेत एक चित्र बाहेर, उघड्यावर बसून काढायचं होतं. त्याला हातात धरता येईल अशी पेटी लागते. एका बाजूला रंग, झाकणात रंग मिसळायला जागा. विलायती पेट्या तेव्हा दुकानांत दिसेनाशा झाल्या होत्या. मी आपली इनॅमलची थाळी आणि करवंट्या घेऊन मिठागरावर बसायची. एके दिवशी वाऱ्यानं थाळी उडवली आणि मी निळी-पिवळी होऊन घरी आले. सासूबाई पोटभर हसल्या. तुम्ही हसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सासूबाई निरोप घेऊन आल्या. "अगं, हे विचारतायत, ती पेटी असते तरी कशी? चित्र काढून दे म्हणतात."

मी कॅलेंडरच्या पाठीवर काढून दिली. वरून, बाजूनं, उघडी, मिटलेली. तळाशी अंगठा घालायला कडी. तासाभरानं सासूबाई पुन्हा आल्या, हातात कणकेचा गोळा. "यात अंगठा दाब. माप पाहिजे त्यांना." सुनेचा हात कसा धरायचा, म्हणून कणीक! मी हसू दाबत अंगठा दाबला. त्या दिवशी पोळी एक कमी झाली.

मग महिनाभर पडवीत जे चाललं होतं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तुम्हाला ठाऊक होतं ना? उगाच नाही दारासमोरची कोळशाची पाटी तुम्ही बाजूला सरकवलीत. पितळेचा पत्रा कापलात, निखाऱ्यात लाल करून पाण्यात बुडवलात, ठोकलात, पुन्हा तापवलात. जन्मभर गोल भांडी घडवलेल्या हाताला कोपरा कुठला ठाऊक? पहिले दोन तुकडे कोपऱ्यात फाटले. तुम्ही त्या फाटलेल्या पत्र्याला जे बोललात ते मी इथं लिहीत नाही. तिसऱ्या वेळी कोपरा न कापता दुमडलात आणि तो बसला. बिजागरीसाठी पातळ पत्रा सासूबाईंच्या विणायच्या सुईभोवती वळवलात. सुई वाकडी झाली, तिचा राग त्यांना अजून आहे. झाकणात रंग मिसळायला पाच खळगे ठोकलेत, भातुकलीच्या वाट्यांसारखे.

आणि शेवटी, सगळं झाल्यावर, तुम्ही आतून कल्हई केलीत.

करणारच ना! पितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर ते भांडं तुम्ही घराबाहेर जाऊ दिलं असतं? नवसागराच्या धुरात बसून, कापसाचा बोळा फिरवून अशी काही कल्हई केलीत की झाकणात माझं कुंकू स्पष्ट दिसत होतं. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत मोगरी आणि कात्रीशेजारी तिला झेंडूचं फूल वाहिलंत. गल्ली बघून गेली. तळाशी छिन्नीनं ठिपक्याठिपक्यांचं नाव घातलं होतंत. घरातल्या साऱ्या भांड्यांवर ह्यांचं नाव, या एका वस्तूवर नुसतं माझं. इंदुमती. ना सौ., ना आडनाव.

एवढी श्रीमंत मी कधीच नव्हते.

मिठागरावर जाऊन पहिला रंग कालवला. चकचकीत कल्हईवर रंग कळेचना! पिवळा मळकट दिसायचा, निळा काळा. पाणी ठरायचं नाही, थेंब होऊन पळायचं. रंग कालवायला खाली पांढरं लागतं, कागदासारखं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. चित्रात लिहायला हवं होतं. पण तुम्ही कसं विचारणार आणि मी कशी सांगणार? आणि नंतर, फूल वाहून झाल्यावर सांगायचं?

म्हणून मी एका फुटक्या पांढऱ्या बशीचा तुकडा पिशवीत लपवला. पेटी हातात मिरवायची आणि रंग बशीवर कालवायचे. दीड महिना. घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, "कशी आहे गं पेटी?" मी म्हणायची, "झकास!"

मला वाटलं, कुणाला कळणार? पण तुम्ही भांड्याचे माणूस. बिजागरी सैल झाली का बघायला एक दिवस पेटी उघडलीत. रंगाचे खण अर्धे संपलेले आणि झाकणातले खळगे कोरे करकरीत. एक डाग नाही. वापरलेलं भांडं तुम्हाला ओळखू येत नाही असं कधी झालंय? पिशवी झटकलीत आणि बशी बाहेर पडली.

मी तांदूळ निवडत होते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होतात. राग आला की तुमची गावची बोली बाहेर यायची, तशी आली.

"गप कित्याक रवलंस?"

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. चार वर्षांत तुम्ही मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी उभी राहिले. पदर सावरायचाही विसरले. "तुम्हाला वाईट वाटलं असतं," म्हटलं.

"वापरूक येणा नाय तां भांडां कसलां? चुकलां तर सांगाचां! माझो मान ऱ्हवांदे बाजूक." मग हातातला बशीचा तुकडा उलटसुलट करून बघितलात. आवाज उतरला. "आता सांग. काय व्हया?"

"पांढरं," मी म्हटलं. "आतून पांढरं हवं."

मामंजी, नोकरी लागली त्या दिवशीही मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. तुम्ही पांढरा इनॅमल पेंट आणलात, लावलात, वाळवलात आणि तो उकडलेल्या अंड्याच्या टरफलासारखा निघून आला. इतक्या गुळगुळीत पृष्ठभागाला रंग धरणार कसा? झाकण तापवून कल्हई पुसून काढलीत. आता त्यावर वाळू घासून चरे पाडायला हवे होते. चरे! सासूबाईंनी एकदा तांब्या वाळूनं घासला म्हणून दोन दिवस अबोला धरणारे तुम्ही! वाळूची चिमूट हातात घेतलीत, झाकणावर नेलीत आणि तशीच खाली टाकलीत.

"तू घास," म्हणालात. "माझ्या हातून व्हायचं नाही."

मी घासत होते आणि तुम्ही ऐरणीकडे तोंड करून बसला होतात. प्रत्येक घासीला तुमचा खांदा हलत होता. "पुरे का?" मी विचारलं. तुम्ही वळून बघितलंत, बोट फिरवलंत. "अजून." तुम्हीच म्हणालात, अजून!

मग माझ्या चपट्या ब्रशनं तुम्ही तीन पातळ हात दिलेत. प्रत्येक हात टोपलीखाली झाकून उन्हात वाळवायचा, मग मंद निखाऱ्यांवर धरायचा. ते तीन आठवडे आपण बोललो. निखारा किती, रंग किती, मिठाच्या ढिगाची सावली निळी का दिसते. तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं. शेवटचा हात वाळला तेव्हा आतून पेटी मिठासारखी पांढरी झाली होती. पहिला निळा थेंब तुमच्यासमोर टाकला. तो निळाच दिसला.

परीक्षेत मी मिठागर काढलंच नाही, समोर दिलं ते झाड काढलं. पण पास झाले. तुम्ही गल्लीत सांगत सुटलात, "आमची सूनबाई पास झाली," आणि घरी येऊन भिंतीला म्हणालात, "बरं झालं." परत भिंत! एवढं बोलल्यावर परत भिंत! त्याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते. आणि नेमणुकीचं पत्र यायच्या आधीच गेलात, त्याचाही.

एकदा मी विचारलं होतं, पेटीवर तुमचं नाव का नाही? म्हणाला होतात, "भांड्यावर मालकाचं नाव असतं, करणाऱ्याचं कशाला?" तेव्हा मी मान डोलावली. आज इन्स्पेक्टरसाहेब पेटी उलटी करून शोधत होते तेव्हा कळलं की हे तुमचं चुकलंय. आणि चुकलं तर सांगायचं. सांगितलं!

दुपारी शाळेतून आल्यावर तुमची छिन्नी काढली. आधी जुन्या पत्र्यावर हात बसवला. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. आणे जाऊन नवे पैसे आल्यापासून त्यांचा कशावरच विश्वास राहिलेला नाही, माझ्या हातावर तर मुळीच नाही. "जपून गं, त्यांची पेटी आहे ती," एवढं चार वेळा झालं. मग पेटी उलटी केली आणि माझ्या नावाखाली ठिपका ठिपका घालत गेले. अक्षरं वाकडी आली आहेत. तुमच्या नावातला 'भ' तर फारच.

झाल्यावर सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. "काय लिहिलंस?" म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत आहे काय लिहिलंय."

"माहीत आहे. पण ते नाव मी कधी घेतलं नाही आणि आता घरात घेणारं कुणी नाही. तू वाच. मला ऐकायचंय."

मी वाचलं, मामंजी. मोठ्यानं वाचलं, पडवीत, तुमच्या ऐरणीसमोर. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "आणखी एकदा."

उद्या पहिल्या तासाला साहेबांसमोर आणि चाळीस मुलींसमोर उभी राहून मी तुमचं नाव घेणार आहे, तुम्हाला वचन देते. साहेबांच्या वहीतली ओळ कोरी राहणार नाही. यापुढे जो कुणी पेटी उलटी करेल त्याला खाली वाचायला मिळेल:

करणारे भिकाजी, मुलुंड.

तुमची सून,
इंदुमती