एंजलचा तांब्या

शेवगाव, शनिवार, १२ मे १९७३

पितळी तांब्या आज जागेवर नव्हता. याहून क्षुल्लक कारणांवरून महायुद्धं झाली असतील. त्याच तांब्याने मी रोज संध्याकाळी माझ्या माशाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत झऱ्याचं गोडं पाणी घालतो. उन्हाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. वर आणखी खारं ओतलं की मुंबईहून जपून आणलेला माझा बोटभर निळा एंजल मासा संपला. बायकोला हे शंभरदा सांगितलंय. तरी आज तिने आडाचं मचूळ पाणी ओतलं. मासा प्रवाळाआड दडलाय, कल्ले भराभर हलताहेत.

"समुद्रातलाच ना तो? खारं गोड मानून घेईल," कमल म्हणाली.

मी नको ते बोललो. अडाणी म्हणालो.

"बरं शास्त्रीबुवा, उद्यापासून झऱ्यावर हंडा घेऊन तुम्हीच जा."

तांब्या तिच्या उशाशी सापडला, अर्धा प्यालेला. अजून रागच येतोय, पण कुणाचा? तासभर माशाचे कल्ले मोजत बसलो. सकाळी झऱ्याचा हंडा उतरवून उंबऱ्यात टेकलेल्या कमललाही तशीच धाप लागली होती. महिनाभर लागतेय. मला त्याचीच भीती वाटते.