आक्कासाठी मोकळा फूटपाथ

३ मार्च
आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झकास झालंय. डॉक्टर म्हणाले, पंधरा तारखेपासून वॉकरवर पूर्ण भार देऊन बाहेर चाला. आक्का म्हणाली, कोपऱ्यावरच्या वाचनालयात एकटी जाणार, कोणाचा हात धरणार नाही. आणि आमच्या गेटसमोर फूटपाथवर भाड्याच्या स्कूटर आडव्यातिडव्या! मोबाइल दाखवून कोणीही घ्यावी, कुठंही टाकून चालू पडावं. आक्काला शब्द दिला, पंधराच्या आत फूटपाथ आरशासारखा करून देतो. धाकटा भाऊ कशासाठी आहे?

४ मार्च
एक स्कूटर ढकलून पाहिली. बोंबलायलाच लागली. समोरचा शिंपी बाहेर येऊन म्हणाला, काका, चोरी भरदिवसा? अडाणी मनुष्य.

५ मार्च
कंपनीला फोन. बाई फार गोड बोलल्या. अ‍ॅपवर राइड सुरू केल्याशिवाय गाडी हलत नाही म्हणे. घेतलं अ‍ॅप. शत्रूच्या गोटात शिरावंच लागतं.

७ मार्च
पद्धत बसली! एकेक स्कूटर चालवत मैदानापाशी नेऊन सोडायची. दुपारी फूटपाथ चकाचक. फक्त परत चालत यावं लागतं, आणि माझी कंबर धरते.

८ मार्च
उपाय सापडला. परत येताना मैदानावरचीच एक स्कूटर घेतो आणि गेटपाशी सोडतो. तात्पुरती. हिने विचारलं, म्हणजे तुम्ही स्कूटरना फिरवून घरी आणता? बायकोला मोठ्या कामातलं काही कळत नाही.

१० मार्च
गेटपाशी स्कूटर वाढल्यात. कोणीतरी मुद्दाम आणून टाकतंय. उद्या पहाटे उठून छडा लावणार.

११ मार्च
उठलो नाही. कंबर. अ‍ॅपने मात्र 'सुपर रायडर' पदवी दिली. आक्काला दाखवली. ती म्हणाली, पदवी ठेव तुझ्याकडे, मला वाट दे.

१४ मार्च, सकाळ
कंपनीची माणसं आली. मोहीम फत्ते, आता नेतील उचलून!

दुपार
नेलं काहीच नाही. फूटपाथवर रंगाने चौकोन आखले, खांब ठोकला, वर पाटी: 'अधिकृत स्कूटर थांबा'. मी खवळलो, कोणाला विचारून? सुपरवायझर म्हणाला, साहेब, इतक्या राइड या गेटवर संपतात, लोकांची सोय नको का बघायला? कोण संपवतं ते बघतो म्हणून तो मोबाइल उघडायला लागला. मला एकदम घरातलं काम आठवलं. ही खिडकीतून म्हणाली, हात दाखवून अवलक्षण!

१५ मार्च
आक्का निघाली. नवी चप्पल, पिशवीत पुस्तक. खांब आणि स्कूटर यांच्यामध्ये वॉकर अडकला. तिने पुढे-मागे करून पाहिलं, मग रस्त्यावर उतरली. मागून ट्रक कर्कश हॉर्न देत आला. मी धावत जाऊन हात पुढे केला. तिने धरला. म्हणाली, एकटी जाणार होते रे मी.

वाचनालयापर्यंत हात धरूनच गेलो. मला फार वाईट वाटलं. परत येताना ती दमली. मी म्हटलं, आक्का, थांब, पटकन स्कूटर आणतो.

तिने वॉकरचा पाय माझ्या अंगठ्यावर टेकवला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण भार दिला.